आमचे वायरमन

मध्यंतरात चहाच्या रांगेत तिच्यापुढे दोन म्हातारे भांडत होते.

“ज्याच्यावर जीव टाकतो, त्याला बायकोसमोर ‘शेजारी’ म्हणाला! थोबाड फोडायला हवं त्या हिरोचं.”

“सिनेमा आहे रे. चारचौघांत दुसरं काय सांगणार तो?”

“तू मुलीच्या लग्नात काय सांगितलंस? ‘हे आमचे वायरमन.’”

“हॉलची लाइटिंग तूच केली होतीस ना?”

“त्यासाठी आलो होतो मी?”

“हळू बोल. मागे बाई आहेत.”

“असू देत. ताई, विचारा यांना, मी यांचा कोण ते.”

तिच्या तोंडून निघूनच गेलं, “कोण हे तुमचे, काका?”

काका घाईघाईने चहावाल्याकडे वळले. “दोन दे. एक बिनसाखरेचा, जरा निववून. याची जीभ भाजते.”

“त्यांनी चहाचं नाही विचारलं,” वायरमन म्हणाला.