दादांचा कावळा

मंडळी, एक सांगा — शब्द द्यायला खर्च किती येतो? अहो, बोला की! काहीच नाही! मग कुणी शब्द दिला की आपण टाळ्या का वाजवतो? मृदंगवाले, खाली बघू नका, सभेत तुम्हीपण वाजवल्यात! बरं, ऐका आता.

नदीकाठी तांबुळगाव. तिथले शिवदासदादा गव्हाणे. ना शेती, ना धंदा! पण एक नेम — कुणाचाही दहावा असो, दादा घाटावर हजर. पिंड मांडलाय, कावळा काही शिवत नाही, घरचे रडकुंडीला आलेत. मग दादा पुढं व्हायचे, हात जोडायचे — "तात्या, काळजी सोडा! नातवाला नोकरी मी लावतो!" — की कावळा झपकन् खाली!

लोक म्हणाले, "जिवंतांचं सोडा, मेलेलेसुद्धा दादांचा शब्द मानतात!" झालं! दादा सरपंच झाले, पतसंस्थेचे चेअरमन झाले, आमदार झाले. मोठा बंगलाही झाला.

आता आतली गोष्ट सांगतो. दादा रोज सकाळी घाटावर कावळ्यांना शेव टाकायचे! अन् दहाव्याला हात जोडता जोडता चिमूटभर शेव पिंडावर! कावळा तात्यांसाठी कशाला येतोय, महाराज? शेवेसाठी! ती पिवळीधमक शेव सगळ्यांना दिसत होती बरं का. पण सगळे वर झाडाकडं बघत होते.

पुढं हाव सुटली. दादांनी पतसंस्थेतनं कर्जं उचलली — कुणाच्या नावावर? ज्यांचे दहावे केले, त्यांच्या! मेलेला माणूस तक्रार करतोय थोडीच! पण वसुलीचा एक नवा माणूस सरूबाई कोळपेच्या दारात आला.

"मालक कुठायत?"

"घाटावर गेल्यात, मागल्या साली. आणतोस का बोलवून?"

अन् पदर खोचून बाई थेट पोलिसांत! खटला चालला, फसवणूक शाबीत झाली, दादा तुरुंगात. बायाबापड्यांच्या ठेवी बुडाल्या. बंगला मेहुण्याच्या नावावर, म्हणून तेवढा वाचला.

त्यात दादांची आई गेली. हौसाक्का. या माउलीनं दारोदार फिरून बायकांना सांगितलं होतं, "माझ्या शिवाकडं ठेवा गं पैसे!" लेक आत गेल्यापासून तिचा एकच धोशा — "बंगला इक, बायकांचं देऊन टाक."

दहाव्याला दादा रजेवर आले, दोन्ही अंगाला पोलीस. पिंड मांडला. कावळे फांदीवर ढिम्म! दादांचा हात सवयीनं खिशात गेला — खिसा रिकामा! कैद्याला शेव कोण देणार?

"आई, तुझ्या नावानं मंदिर बांधतो!"

कावळा हलेना.

"अन्नछत्र घालतो!"

छे!

"आई, पुतळा उभारतो तुझा!"

कावळ्यानं पाठच फिरवली! हसू नका. दादा खरंच रडत होते हो. आई होती ती. तिच्या पिंडाला कावळा शिवावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

सरूबाई जवळ गेली, हळू म्हणाली, "शिवा, तिला काय पायजे ते तुला ठावं हाय. बोल की, लेकरा."

दादांनी तोंड उघडलं. "आई, बं..." म्हणाले — अन् पुढचं गिळून टाकलं.

ऊन चढलं. पोलीस घड्याळ बघायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तोच पिंडाला लावला, अन् दादा मान खाली घालून गाडीत बसले.

बघा मंडळी! मंदिर दिलं, अन्नछत्र दिलं, पुतळा दिला — सगळं लोकांच्या खिशातलं! तिथं जीभ कशी सरसर चालली! अडली कुठं? स्वतःच्या बंगल्यापाशी. अहो, जीभ जिथं अडते ना, खरा शब्द तिथनं पुढं सुरू होतो!

दादांना हसलात, बरं केलंत. पण तुमचा बंगला कुठला? बहिणीचा दाबलेला हिस्सा? भावाच्या बांधातलं हातभर रान? पुढच्या रांगेतले पाटील, टोपी सावरू नका, मी नाव घेतलेलं नाही! ती बहीण अजून जिवंत आहे. घरी जा अन् तिच्या तोंडावर तो शब्द बोला. कावळ्याची वाट बघू नका!

हं, घ्या आता देवाचं नाव, मोठ्यानं! अन् मृदंगवाले, आता वाजवा!