मंडईच्या सभेचं इतिवृत्त

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याधिकारी साहेब, नगरपरिषदेचे आजी-माजी सदस्य, मंडईतून आलेले दुकानदार बंधू-भगिनी आणि आज निवृत्त होत असलेल्या आपल्या लघुलेखिका बाई,

माझं नाव पुकारल्यावर मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्या. साहजिक आहे. मी लांबण लावणार नाही.

तेहेतीस वर्षं बाईंनी या सभागृहातला शब्द न् शब्द टिपला. आमची भाषणं इतकं लक्ष देऊन आमच्या बायकांनीसुद्धा ऐकली नसतील. पण गौरवाचं बोलायला माझ्याहून लायक माणसं इथे बसली आहेत. मी एकाच सभेचं बोलतो.

नऊ वर्षांपूर्वी जुनी मंडई पाडून चार मजली संकुल बांधायचा ठराव मी मांडला. विरोधात बोलायला दुकानदारांनी मंडईतल्या कुलूपवाल्यांना उभं केलं. खटका कानाने ओळखून कुलूप उघडणारा हा माणूस, आवाजही हळू. ते म्हणाले, "साहेब, आम्हाला वर पाठवताय, तर तळमजला कोणाला देताय, तेवढं सांगा." तळमजला माझ्या मेव्हण्याला जायचा होता. मी कागद चाळू लागलो, आणि सभागृह हसलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. टेबलं उलटली, कठडा तुटला, बाकाच्या फळ्या काढून माणसांनी माणसांना झोडपलं. कुलूपवाले रक्तात पडले होते. त्याच संध्याकाळी आम्ही सदस्यांनी ठरवलं की पहिला हात त्यांनीच उगारला, असं सांगायचं.

अडचण बाईंच्या वहीची होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो.

"वही द्या."

"नगरपरिषदेच्या दप्तराची आहे. देता येणार नाही."

त्यांचा हात खणात, वहीवर होता. मी खण पायाने लोटला. दोनदा. दोन बोटं मोडली, पण वही सुटली नाही. चौथ्या दिवशी बाईंनी डाव्या हाताने टाइप केलेलं इतिवृत्त पोलिसांत दिलं. 'ठराव मांडणाऱ्या सदस्यांनी कागदांना भोके पाडायचे लोखंडी यंत्र उचलून वक्त्याच्या खांद्यावर मारले.' तेवढ्यावर आणि त्या बोटांवर मला अकरा महिन्यांची कैद झाली. मंडई पुढे पडलीच, पण तळमजला दुकानदारांना मिळाला.

आता विचाराल, अशा माणसाला आज बोलावलं कोणी? बाईंनी. मागच्या आठवड्यात त्या माझ्या दारात आल्या. मी पाणी दिलं. ते तसंच ठेवून म्हणाल्या, "माझ्या वहीत फटक्याचे दोन आवाज आहेत. एकापुढे तुमचं नाव आहे. दुसऱ्यापुढे जागा कोरी आहे. टेबल आडवं होतं, मला दिसलं नाही. चौकशीत तुम्ही म्हणालात, आठवत नाही."

मी म्हणालो, "नऊ वर्षं झाली, बाई."

"मी शुक्रवारी निवृत्त होते. कोरी जागा ठेवून जायचं नाही मला."

अध्यक्ष महोदय, मला आठवतं. कुलूपवाल्यांचा डावा कान चेंगराचेंगरीत गेला, त्यांच्या धाकट्या भावाचा पाय त्यावर पडला, असं सगळे धरून चालले. तो भाऊही तेच धरून चालला. त्याने त्या दिवसापासून थोरल्यासमोर मान वर केली नाही, हे मंडईत कोणालाही विचारा. आज दोघे तिसऱ्या रांगेत आहेत, मध्ये एक खुर्ची सोडून.

धाकटे दादा, तुमचा पाय नव्हता. तुम्ही त्यांना ओढून काढायला वाकला होतात. ते पडलेले होते, हात डोक्यावर घेऊन "साहेब, नको" म्हणत होते. तेव्हा मी गुडघा टेकून तेच यंत्र त्यांच्या कानावर मारलं. राग नव्हता राहिला. लोक हसले होते, एवढंच होतं.

बाई, लिहून घ्या.

मला बोलू दिलंत, सभागृहाचा आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, ते पोटात घाला. केल्याची माफी मात्र या माइकवरून मागणार नाही. ती खाली येऊन मागतो, त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून, म्हणजे त्यांना ऐकू येईल.