डॉर्सेटची वाट

नाही, आधी चपला काढा, मग बोलू. पानवेलीच्या वाडीत चपला घालून कुणी शिरत नाही — आमच्या भुईगावात लहान मुलालाही ठाऊक असतं. तिथे कुंपणापाशी ठेवा, कोणी नेत नाही. आणि वही मिटलीत तरी मी मघाशी पाहिलंय बरं का. चित्रकार म्हणता, दादरहून आलात, समुद्राचं चित्र काढायला — मग समुद्राकडे पाठ करून माझ्या वाटेची पावलं का मोजत होतात? मोजत होतात हो. ओठ हलत होते तुमचे.

बरं, बसा. राग नका मानू. गेल्या महिन्यात एक जण आला, पक्षी बघतो म्हणाला. पिशवीतून निघाली टेप, पन्नास फुटी. पलीकडे सुरूच्या बनाला लागून पडीक जमीन आहे ना, ती कुणीतरी घेतलीय. बंगले बांधायचेत म्हणे. पण रस्ता कुठाय? बाकी तिन्ही बाजूंनी वाड्या. रस्ता मिळाला की संपलं — ते विहिरी उपसणार आणि चार वर्षांत आमचं गोडं पाणी खारं होणार. म्हणून विचारतो. तुमचा चेहरा तसा नाही म्हणा.

पाटी वाचलीत? ‘वाट सर्वांसाठी खुली आहे.’ मीच रंगवली. हसू नका. इंग्लंडात होतो मी तीन वर्षं, शेतकी शिकायला. शेवटच्या सुट्टीत डॉर्सेटला गेलो — समुद्राकाठचा जिल्हा आहे तिकडे. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, आणि एकदम खाली पांढरा कडा नि पाणी. एका पडक्या मठाचे दगड बघायला लोक लांबून येतात, टोप्या काढून उभे राहतात — आणि आपल्या किल्ल्यात? म्हशी. असो. सांगायचं काय, की तिथे माणूस दुसऱ्याच्या गव्हातून चालत समुद्राला जातो! जुनी वाट, फाटक उघडायचं, पुन्हा लावून घ्यायचं, बस. मालक समोर आला, मला वाटलं आता हाकलणार — तर म्हणाला, हवा छान पडलीय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरंच. वाटलं, आपल्याकडे का नाही? आपल्या कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन मैलभर वळसा घालतात, का?

आलो तो त्याच तारेत. वेलीच्या मधल्या दोन ओळी उपटल्या, कुंपण तोडलं. शेजारच्या वाडीतला आलोशियस बघत उभा — “दिवाकर, तुझा बाप पाय धुवून वेलीत जातो, नि तू अख्खा गाव आत घालतो?” अण्णा, म्हणजे माझे वडील, वाडी त्यांच्या नावावर — ते उपटलेले वेल गोळा करत राहिले. दोन पावसाळ्यांत वाटेकडेचे वेल पिवळे पडले. मी म्हटलं, मूळकूज. अण्णा म्हणाले, चपला. तेवढंच. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच.

आता बंद का नाही करत? आलोशियसही रोज तेच विचारतो, “लावू का रे कुंपण?” एका दुपारचं काम. पण कागद आहे ना — मीच दिलाय ग्रामपंचायतीला, माझ्या अक्षरात. वाट कायमची लोकांची, बैलगाडी जाईल एवढी रुंद, आमचा काही हक्क नाही. खाली अण्णांची सही. वाचला नाही त्यांनी. विचारलं फक्त, कशाचा कागद? म्हटलं, समुद्राच्या वाटेचा. मुलगा एवढा शिकून आलाय, म्हणून केली सही. आजही ठाऊक नाही त्यांना कशावर केली. कागद पडलाय पंचायतीच्या कपाटात, कुणाला आठवतही नाही. वाळवी लागली तर देवच पावला — त्या बंगलेवाल्याच्या हाती पडला तर त्याला काय, आयता रस्ता —

तुम्ही लिहिताय? कधी उघडलीत वही? बघू. नाही, बघू द्या. हे चित्र? हे आकडे आहेत. बावीस पावलं, नऊ पावलं. आणि हे खाली — ‘ग्रामपंचायत, कपाट, बापाची सही’. शाई ओली आहे अजून.

उठा. चपला हातात घ्या, बाहेर जाऊन घाला. नाही, तिकडून नाही. मागून, विहिरीकडून जा.

पाटीवर काय लिहिलंय ते मला सांगू नका. ती वाट बंद आहे.