ठकीमावशीचा दुसरा कॅन

सूर्यमाळच्या चढावर आमची जीप दुसऱ्यांदा तापली. इंजिन गार झाल्यावर ड्रायव्हर गोरख मागे बसलेल्या ठकीमावशीला म्हणाला,

“मावशी, दुसरा कॅनही द्या.”

“हे प्यायचं पाणी आहे. आधी रेडिएटर उघडून बघ.”

“काठोकाठ भरलाय.”

“मग ओतणार कुठं? मघाशी घाईत ओतलंस, आत हवा कोंडली. झाकण उघडंच ठेव, हीटर लाव, गाडी चालू कर. गाडीचं तोंड चढाला आहे, हवा वरच येईल.”

“या उन्हात हीटर?”

“हीटरच्या नळीतली हवा तुझा बाप काढणार?”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“आमच्या पाड्याच्या पाण्याच्या पाइपात टेकाडावर अशीच हवा धरते. नट ढिला करून ती सोडायला मीच जाते.”

“मावशी, बुडबुडे आले! पाणी खाली गेलं की!”

“हां. आता माग पाणी.”