सुजाताच्या पेटीवरचं नाव

मेहकरच्या स्टँडवर बीबी गावाला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. एका बाईंनी डोक्यावरची नवी पत्र्याची पेटी बाकावर उतरवली आणि समोर पाटी रंगवत असलेल्या पेंटरला हाक मारली.

"इंद्रभानभाऊ, वळखलं काय मले? मी जनकाबाई. माही सुजाता नर्सिंग शिकाले गेली, तवा तुमी तिच्या पेटीवर नाव लिवलं होतं."

"हाव, हाव. कशी हाये पोरगी?"

"मजेत. होस्टेलात चाळीस पेट्या हायेत, साऱ्या सारख्या. पण तिची दारातूनच वळखू येते. पयलं अक्षर लाल, मंधातलं केशरी, शेवटचं पिवळं. लाल कुठी सरलं अन् पिवळं कुठी लागलं, बोट ठेवून दाखोता येत नाई. मले वाचता येत नाई, पण तेवढं नाव मलेबी वळखू येते. लय उपकार झाले तुमचे."

"बाई, एक सांगू? रागावसान त' नाई?"

"काऊन रागावू?"

"त्या दिवशी 'सु' लिवता लिवताच लाल रंग सरत आला. तुमची गाडी लागली होती. मंग पुरवाले त्यात पिवळा मिसळत गेलो. 'ता' पावेतो नुसता पिवळाच उरला. तुमी पेटी पाह्यली, तवा मी मान खाली घालून उभा होतो."

"मले वाटलं, लाजले."

"आता दुकानदारबी पाटी तशीच मागतात. उपकार त' तुमचेच हायेत."

"मंग हे पेटी घ्या. आता धाकटी विशाखा चालली. तिचं नाव लिवा. अन् भाऊ..."

"बोला ना."

"लाल थोडाच घ्या."