तिसरी दुमड

नाही हो मास्तर, कापायचं काही नाही, फक्त उसवायचं — खालची ही दुमड तेवढी सोडायची. दोन बोटं उंची वाढेल. नवीन घ्या म्हणताय? घेईन की, न घ्यायला काय — पण पोरगी ऐकत नाही. नऊ वर्षांची झालीये, अंगात घट्ट व्हायला लागलाय, तरी हट्ट हाच फ्रॉक. आजीने शिवलाय ना. माझ्या आईने. हो, गेली ती, तीन वर्षं होतील. तुम्ही करा काम, मी आपली बोलतेय.

आत खुणा दिसतील बघा — तीन दुमडी घातल्या होत्या तिने, एकावर एक, वर्षाला एक. म्हणायची, पोरांनी थांबायचं नसतं, कपड्याने त्यांच्यामागे धावायचं. मला एकटीने वाढवलं, लोकांच्या पडद्यांना काठ मारून मारून — आणि मग माझी पोरही तिनेच. मी नोकरीवर. पोर पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती तिला बघून, आणि ही मला सांगते काय, दिवसभर तुझीच आठवण काढत होती हो. खोटारडी.

टाके वाकडे आहेत, माहीत आहे मला. शेवटी दिसत नव्हतं तिला. सुई ओवायला नातीला बसवायची आणि बोटांनी चाचपत शिवायची. आणि मी काय करायचे — सांगू? ती आंघोळीला गेली की तिचे टाके उसवायचे आणि मशीनवर सरळ टीप मारून ठेवायचे. शाळेत लोक काय म्हणतील, म्हणून. लोक! लोकांनी कधी सुई ओवून दिली होती तिला? मला वाटायचं, दिसतच नाही तर कळणार कसं. मास्तर, तुम्ही डोळे मिटून ओळखाल ना — मशीनची टीप कुठली, हाताचा टाका कुठला? ओळखालच. मग जी बाई बोटांनीच शिवते तिला कळणार नाही? ती गेल्यावर पोरीने सांगितलं मला. आजी म्हणे घडी घालताना काठावरून बोट फिरवायची, आणि म्हणायची, मला कळलंय ते आईला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल.

मला वाईट वाटेल म्हणून. मास्तर, मला.

हा एवढाच फ्रॉक सुटला माझ्या हातून. शिवून झाला आणि आठवड्यात तीच गेली, मग कुठली टीप मारते मी. पहिल्या दोन दुमडी मीच सोडल्या — अजून आहे एक, अजून आहे एक, असं म्हणत. ही शेवटची. तीन दिवस पातं हातात घेऊन बसले. एवढे टाके उसवले मी तिचे, ती आंघोळीहून यायच्या आत, आणि आता —

कात्री नको, पात्यानेच करा, हळू. दोरा फेकू नका, जेवढा निघेल तेवढा कागदात बांधा. नाही, पाणी नको मला. तुम्ही उसवा. मी बाहेर उभी राहते, झालं की हाक मारा.