उभं राहिलेलं कार्ड

सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, संचालकसाहेब, कोशकचेरीतले माझे आजी-माजी सहकारी आणि चहाच्या वासाने मागच्या दाराकडे बघू लागलेले श्रोतेहो, तुम्हां सर्वांना नमस्कार.

संचालकसाहेबांनी आत्ता सांगितलं, की साहित्यविषयक शब्दांचा हा इंग्रजी-रशियन कोश म्हणजे माझं एकहाती काम. मी कॉन्व्हेंटात वाढलेली बाई. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे सिस्टरांनी मला फूटपट्टीने शिकवलंय. म्हणून गप्प बसले. आता पाळी माझी आहे.

एकहाती? अहो साहेब, मला रशियन येत नाही! अडखळत वाचते, एवढंच. कोश करायला तेवढं पुरतं का?

दुसरा हात ताईंचा होता. तळमजल्यावर टायपिस्ट होत्या. सुटल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकल्या. त्यांना वर्षावर्षाच्या कंत्राटावर माझ्यासमोर आणून बसवलं, तेव्हा मी नाक मुरडलं. पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "तुमचं शिक्षण काय?" त्या म्हणाल्या, "रशियनमध्ये विद्वानाला 'उचोनी' म्हणतात, बाई. शिकवलेला माणूस. मलाही कुणीतरी शिकवलंय." मी हिरव्या शाईची दौत त्यांच्यापुढे सरकवली! हे माझ्या बाबतीत फार वेळा घडत नाही.

आमची रीत नव्या मंडळींना माहीत नसेल. एका शब्दाला एक कार्ड. डावीकडे माझं इंग्रजी, निळ्या शाईत. उजवीकडे त्यांचं रशियन, हिरव्या शाईत. दोघींच्या सह्या झाल्या की कार्ड खणात आडवं. एकीची जरी अडली, तरी ते खणात उभं राहायचं, आणि उभं कार्ड छापायला जायचं नाही. खण ओढला की उभी कार्डं दाताला लागलेल्या खड्यासारखी खुपायची. सतरा वर्षं आम्ही भांडून भांडून कार्डं आडवी केली. डबा खाताना भांडलो, जिना उतरताना भांडलो. त्या म्हणायच्या, "बाई, तुमचा घास थांबलाय, आधी गिळा, मग ओरडा."

मग 'प्लॉट', म्हणजे कथानक, हा शब्द आला. ताई म्हणाल्या, रशियनमध्ये याला दोन शब्द हवेत. 'फाबुला' म्हणजे जे जसं घडलं ते. 'स्युझेत' म्हणजे ते ज्या तऱ्हेने सांगितलं ते. मी म्हटलं, एकच द्या, कोश आहे, भाजीची पिशवी नाही. त्या म्हणाल्या, "घडलेलं आणि सांगितलेलं एकच असतं का हो?" मी चारचौघांत म्हटलं, "टायपिस्टने मला साहित्य शिकवू नये," आणि कार्डावर शेरा मारला, 'एकच शब्द पुरे'.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि सही केली नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या कंत्राटाचा कागद माझ्या शिफारशीसाठी टेबलावर आला. मी तो आठ दिवस दाबून ठेवला. म्हटलं, जरा कळू दे. नवव्या दिवशी सही करायला घेतली, तर मुदत उलटून गेली होती. ताईंची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर त्यांचं स्वेटर तसंच राहिलं होतं.

साहेब, तुम्ही सांगितलंत ते स्युझेत. हे फाबुला.

पुढे? पुढे दर महिन्याला माझ्याकडून टपालाने त्यांच्याकडे कार्डांचा गठ्ठा जायचा आणि हिरव्या सह्या होऊन परत यायचा. सहा वर्षं, एका पैशाशिवाय. पत्र नाही, दोन ओळी नाहीत. फक्त 'प्लॉट'चं कार्ड प्रत्येक वेळी सहीशिवाय परत आलं. शेवटच्या गठ्ठ्यात त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे समोर बसून ठरवू.' त्यांचं घर इथून बसने चाळीस मिनिटांवर. मी गेले नाही. समोरची खुर्ची कचेरीने तीनदा बदलली; स्वेटर मी माझ्या कपाटात ठेवलं. अजूनही एखादा शब्द अडला की मी मान वर करते आणि समोर भिंत दिसते.

आता हा देखणा ग्रंथ उघडा. 'प्ले' आहे, 'पोएम' आहे. साहित्याच्या कोशात प्लॉटच नाही! आणि पहिल्या पानावर ताईंचं नाव नाही. का? तर कंत्राटी माणसांची नावं घालत नाहीत म्हणे. सतरा अधिक सहा वर्षं, निम्मा ग्रंथ, आणि नाव नाही? साहेब, दुरुस्तीची चिठ्ठी मी टाइप करून आणली आहे. प्रत्येक प्रतीत ती चिकटवल्याशिवाय एकही प्रत या दाराबाहेर जाऊ नये. डिंक माझ्या पिशवीत आहे.

तिसऱ्या रांगेत निळ्या ओढणीत बसली आहे, ती ताईंची लेक. मघाशी दारात मी तिला विचारलं, "आई कशी आहे?" ती म्हणाली, "गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. पण तिने विचारलंय, ते कार्ड अजून उभं आहे का?"

आहे गं बाळ.

पहिल्या प्रतीवर सही करा, असं मला सांगितलंय. मी केली आहे, पानाच्या डाव्या बाजूला. उजवी बाजू रिकामी आहे. उद्या अकरा वाजता ही प्रत, ते कार्ड आणि ते स्वेटर घेऊन मी ताईंच्या दाराशी उभी राहणार आहे. कार्डावरचा 'एकच शब्द पुरे' हा माझा निळा शेरा खोडलाय. दार उघडतील की नाही, माहीत नाही. 'आधी गिळा, मग ओरडा' एवढं म्हणाल्या, तरी मला पुरे.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला लागलं असेल, तर क्षमा करावी. साहेब, तुम्हाला लागलं असेल तर मात्र आधी चिठ्ठ्या चिकटवाव्यात, मग माफी मागेन.